मनिलाचा नकार : १६ सप्टेंबर १९९१

स्वतंत्र राष्ट्राच्या भूमीवर दुसऱ्या राष्ट्राच्या फौजेने कायमचा तळ द्यावा की नाही, या प्रश्नाचा निकाल इतिहासात बहुधा रणांगणावर तरी लागलेला दिसतो किंवा बंद दालनातल्या मसलतीत तरी. कारण जो हरला त्याला कोणी विचारीत नाही, आणि जो गरजवंत असतो त्याच्या अंगी नाही म्हणण्याचे बळ नसते. वसईच्या तहाने पुण्यावर तैनाती फौज कशी आली हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. तेथे परागंदा झालेल्या एका पेशव्याची संमती पुरली, आणि ज्या मुलखाच्या वसुलातून त्या फौजेचा खर्च निघावयाचा होता त्या मुलखाच्या रयतेचे मत घ्यावे, हा विचारही कोणाच्या मनाला शिवला नाही. म्हणूनच एका गरीब, कर्जबाजारी आणि निसर्गाच्या कोपाने नुकत्याच होरपळलेल्या राष्ट्राच्या निर्वाचित सभागृहाने आपल्या सर्वांत बलाढ्य मित्राचा तळ ठेवावा की हलवावा हा प्रश्न भर सभेत मांडला, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, आणि एकेका सभासदाचे मत उघडपणे घेऊन त्याचा निकाल लावला, ही घटना लोकशाहीच्या इतिहासात विशेष मननीय ठरते. ती घडली फिलिपाइन्सच्या सिनेटात, मनिला येथे, १६ सप्टेंबर १९९१ रोजी.

या दिवसाचे बीज त्र्याण्णव वर्षांपूर्वी पेरले गेले होते. १ मे १८९८ रोजी कमोडोर जॉर्ज ड्यूई याच्या अमेरिकन आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पेनच्या आरमाराचा एका सकाळीत फडशा पाडला. स्पेनच्या तीन शतकांच्या अंमलाविरुद्ध फिलिपिनो क्रांतिकारक त्याआधीपासूनच शस्त्र घेऊन उभे होते, आणि त्यांचा नेता एमिलिओ अग्विनाल्दो याने १२ जून रोजी स्वातंत्र्याची घोषणाही केली; परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॅरिस येथे जो तहनामा झाला त्याच्या बैठकीत फिलिपिनोंच्या वकिलास जागा मिळाली नाही, आणि दोन कोटी डॉलर स्वीकारून स्पेनने ती अवघी द्वीपमाला अमेरिकेच्या हवाली केली. मुक्तिदाता म्हणून ज्याचे स्वागत झाले तोच धनी होऊन बसला. पुढील फेब्रुवारीत युद्ध पेटले, ते अधिकृतपणे १९०२ साली संपले. आणि त्याच सुमारास लुझॉन बेटाच्या मध्यभागी घोडदळाची स्टॉट्सेनबर्ग छावणी उभी राहिली, जिचा पुढे क्लार्क हा विस्तीर्ण विमानतळ झाला, व पश्चिम किनाऱ्यावरील सुबिकच्या खोल, डोंगरांनी वेढलेल्या उपसागरात, जेथे स्पेनने आपली आरमारी गोदी घालण्यास आरंभ केला होता, तेथे अमेरिकन नौदलाने आपले ठाणे वसविले. या दोन्ही जागा मूळच्या आएता या आदिवासींच्या रानावनांच्या होत्या. त्यांना त्या काळी कोणी विचारले नाही, आणि खरे सांगावयाचे तर नंतरही कोणी विचारले नाही.

४ जुलै १९४६ रोजी फिलिपाइन्स स्वतंत्र झाले तेव्हा त्याची राजधानी दगडमातीचा ढिगारा झालेली होती. १९४५च्या फेब्रुवारीत जपानी फौजेला हुसकण्यासाठी मनिलात जी लढाई झाली तिच्यात सुमारे एक लाख नागरिक प्राणास मुकले होते. बातानच्या लढाईत फिलिपिनो आणि अमेरिकन सैनिक एकाच खंदकात उपाशी लढले व एकाच वाटेवर कैदी म्हणून चालले. त्यामुळे सामान्य फिलिपिनो माणसाच्या मनात अमेरिकेविषयी खरीखुरी कृतज्ञता होती, आणि तिला खोटी म्हणणे हा इतिहासाशी अन्याय होईल. परंतु राज्यव्यवहार कृतज्ञतेवर थांबत नाही. युद्धातील नुकसानीची पाचशे डॉलरांहून अधिक भरपाई हवी असेल तर अमेरिकन नागरिकांना देशाच्या नैसर्गिक संपत्तीच्या उपभोगात फिलिपिनोंच्या बरोबरीचा हक्क द्यावा, अशी अट वॉशिंग्टनने घातली. तीसाठी राज्यघटनेत दुरुस्ती हवी होती. दुरुस्तीसाठी काँग्रेसात तीन-चतुर्थांश मते हवी होती. आणि ती मिळावीत म्हणून मध्य लुझॉनच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या विरोधी प्रतिनिधींना त्यांच्या जागांवर बसूच दिले गेले नाही. ११ मार्च १९४७ रोजी लोकमत घेऊन ती दुरुस्ती पक्की झाली, आणि अवघ्या तीन दिवसांनी, १४ मार्चला, अध्यक्ष मॅन्युएल रोहास यांनी लष्करी तळांच्या करारनाम्यावर सही केली. तेवीस ठिकाणे, मुदत नव्याण्णव वर्षांची. फिलिपाइन्सच्या सिनेटाने त्यास संमती दिली. अमेरिकेच्या सिनेटापुढे मात्र तो तह म्हणून कधी गेलाच नाही, कारण तेथील सरकारच्या लेखी तो केवळ कार्यकारी करार होता. एका पक्षाने ज्याला राष्ट्राचे वचन मानले त्याला दुसऱ्या पक्षाने खात्याचा कागद मानले, हे शल्य चाळीस वर्षे सलत राहिले.

या करारनाम्याने तळांच्या हद्दीत अमेरिकेचा अंमल जवळजवळ पूर्ण होता. गुन्ह्यांच्या चौकशीची मुखत्यारी मुख्यतः अमेरिकन अधिकाऱ्यांकडे असे, आणि पहाऱ्यावरील सैनिकाच्या गोळीने एखादा भंगार वेचणारा पोर किंवा कोळी मेला तर आरोपी मायदेशी रवाना झाल्याचे वर्तमान त्याच्या कुटुंबाच्या कानी येई. १९५०च्या दशकात सिनेटर क्लारो रेक्टो यांनी या व्यवस्थेवर एकट्याने तोफ डागली. तळांच्या जमिनीवर मालकीच अमेरिकेची आहे असा दावा तिकडील महान्यायवाद्याने केला तेव्हा त्याचे कलमवार खंडन रेक्टो यांनी केले. आणि परकीय तळ हे संरक्षणाचे कवच नसून शत्रूच्या माऱ्याला दिलेले आमंत्रण आहे, हा त्यांचा सिद्धान्त पुढील पिढीच्या तोंडी बसला. त्यांच्या हयातीत त्यांना यश आले नाही. पण मुदतीचा प्रश्न वाटाघाटींत आला, आणि १६ सप्टेंबर १९६६ रोजी परराष्ट्रमंत्री नार्सिसो रामोस व अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्यातील पत्रव्यवहाराने नव्याण्णव वर्षांची मुदत त्या दिवसापासून पंचवीस वर्षांवर आली. १९७९ साली तळांवर फिलिपाइन्सचा ध्वज फडकू लागला आणि नावाला फिलिपिनो सेनाधिकारी नेमला गेला. आतील कारभार होता तसाच राहिला.

हे तळ म्हणजे काय होते याची कल्पना यावी म्हणून ओलोंगापो या गावाकडे क्षणभर पाहिले पाहिजे. सुबिकच्या मुख्य दरवाज्याबाहेर एक घाणेरडा नाला वाहत असे. अलीकडे स्वच्छ रस्ते, कापलेली हिरवळ, शाळा, रुग्णालय, विमानवाहू जहाजे दुरुस्त करणारी गोदी. पलीकडे पूल ओलांडताच मागसायसाय मार्गावर दुतर्फा मद्यगृहे, सराफी दुकाने, शिंपी, गाणारे ताफे, आणि त्यांच्यात पोटासाठी आलेल्या खेड्यापाड्यांतील हजारो मुली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सातवे आरमार येथे विसावा घेण्यास येई, आणि जहाज लागले की गावाची दिवाळी होई. पुलाखाली होड्यांत बसलेली मुले नाविकांनी वरून फेकलेली नाणी झेलण्यासाठी त्या सांडपाण्यात बुड्या मारीत. त्याच गावात गोदीवर कसबी वेल्डर, विजेचे कारागीर, यंत्रज्ञ, लेखनिक म्हणून इज्जतीने काम करणारी, घर बांधणारी, मुलांना शिकविणारी कुटुंबेही होती. तळ गेला तर चाळीस हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार बुडणार होता. जो कोणी या प्रश्नाला निव्वळ स्वाभिमानाचा प्रश्न म्हणतो त्याने या कुटुंबांकडे पाहावे, आणि जो कोणी याला निव्वळ रोजगाराचा प्रश्न म्हणतो त्याने त्या नाल्यातील मुलांकडे पाहावे.

फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला, सिनेट बरखास्त केले, विरोधकांना तुरुंगात टाकले. आणि तरीही, किंबहुना तळ सुरक्षित राहिले म्हणूनच, वॉशिंग्टनचा वरदहस्त त्यांच्या मस्तकावरून हलला नाही. १९८१ साली मनिलास आलेल्या अमेरिकन उपाध्यक्षांनी मार्कोस यांच्या लोकशाहीनिष्ठेची जाहीर वाखाणणी केली, तेव्हा तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या माणसांना काय वाटले असेल याचा तर्क करता येतो. दोन लोकशाह्यांतील मैत्री म्हणून जो करार मिरविला जात होता तो त्यांतील एका लोकशाहीच्या मानेवर पाय देऊन उभा आहे, ही जाणीव सुशिक्षित मध्यमवर्गात त्या वर्षांत रुजली. १९८६च्या फेब्रुवारीत मनिलाच्या एड्सा मार्गावर लक्षावधी निःशस्त्र लोक रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि मार्कोस यांची सत्ता कोसळली. त्या रात्री पदच्युत अध्यक्षाला अमेरिकन हेलिकॉप्टरांनी उचलून नेले ते क्लार्क तळावर, आणि तेथून पुढे हवाई बेटांकडे.

कोराझोन अकिनो अध्यक्ष झाल्या. त्यांचे पती बेनिनो अकिनो यांची १९८३ साली मनिलाच्या विमानतळावर उतरताच हत्या झाली होती. १९८४च्या अखेरीस विरोधी नेत्यांनी परकीय तळ हटविण्याची मागणी असलेले जे ऐक्यपत्रक काढले त्यावर कोराझोनबाईंचीही सही होती; परंतु सत्तेवर येताच १९९१ पर्यंत सर्व मार्ग मोकळे ठेवू अशी सावध भूमिका त्यांनी घेतली. तळांच्या भवितव्याची खरी तरतूद केली ती १९८७च्या नव्या राज्यघटनेने. मुदत संपल्यानंतर परकीय तळ, फौजा किंवा लष्करी सोयी देशात राहू द्यावयाच्या असतील तर त्यासाठी रीतसर तह झाला पाहिजे, त्यास सिनेटाची संमती मिळाली पाहिजे, काँग्रेसने तसे ठरविल्यास तो लोकमतास टाकला पाहिजे, आणि दुसऱ्या राष्ट्रानेही त्याला तह म्हणून मान्यता दिली पाहिजे. या एका कलमात १९४७चे सारे धडे उतरले होते. त्याच घटनेने देशाची भूमी अण्वस्त्रमुक्त ठेवण्याचे धोरण सांगितले. तर आपल्या कोणत्याही जहाजावर अण्वस्त्रे आहेत की नाहीत हे सांगावयाचे नाही, हा अमेरिकन नौदलाचा शिरस्ता होता.

मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की ज्याने दोन्ही पक्षांना आपापला पुरावा मिळाला. १९८९च्या डिसेंबरात सैन्यातील बंडखोरांनी अकिनो सरकार उलथविण्याचा मोठा प्रयत्न केला, त्यांची विमाने राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर घिरट्या घालू लागली, आणि अध्यक्षांच्या विनंतीवरून क्लार्कवरील अमेरिकन फँटम विमाने आकाशात चढली. गोळी झाडावी लागली नाही. त्यांच्या दर्शनानेच बंडाच्या हवाई बळाचा नक्षा उतरला. मित्र नसता तर लोकशाही बुडाली असती, असे तळसमर्थक म्हणाले. ज्या सरकारचा जीव परक्याच्या विमानांवर टांगलेला आहे ते त्याच परक्याशी बरोबरीने वाटाघाट काय करणार, असे तळविरोधक म्हणाले. दोन्ही म्हणणी खरी होती.

१९९० साली नव्या कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. फिलिपाइन्सच्या बाजूने परराष्ट्रमंत्री राऊल मांगलापुस होते, अमेरिकेच्या बाजूने रिचर्ड आर्मिटेज. घासाघीस मुदतीची होती आणि त्याहून पैशाची. १९८८च्या समेटाने अमेरिकेने शेवटच्या दोन वर्षांसाठी वर्षाला ४८ कोटी १० लाख डॉलर देऊ केले होते. त्याला भाडे म्हणण्यास मात्र वॉशिंग्टनची सक्त हरकत, कारण मित्र मित्राला भाडे देत नाही, मदत देतो, आणि मदत ही आपल्या काँग्रेसच्या मर्जीवर अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे. बोलणी अडून बसली असतानाच निसर्गाने आपला हात दाखविला. क्लार्कच्या पश्चिमेस पिनातुबो नावाचा पर्वत आहे. सुमारे पाचशे वर्षे तो निद्रिस्त होता. १९९१च्या वसंतात तो धुमसू लागला. फिलिपिनो आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी खांद्याला खांदा लावून त्याची नाडी पाहिली, वेळेवर इशारा दिला, आणि १० जून रोजी क्लार्कवरील साडेचौदा हजारांच्या आसपास माणसे मोटारींच्या अखंड रांगेने सुबिककडे निघाली. १५ जूनला पर्वत फुटला, आणि नेमके त्याच दिवशी तुफानी वादळही आले. पावसाने भिजलेली राख छपरांवर शिशासारखी साचली आणि घरेच्या घरे आतील माणसांसह खचली. आठशेहून अधिक लोक मेले. नव्वद वर्षांत कोणत्याही आंदोलनाला जे जमले नाही ते एका दुपारीत झाले : क्लार्क निकामी झाला, आणि अमेरिकेने तो सोडण्याचे ठरविले.

२७ ऑगस्ट १९९१ रोजी मैत्री, सहकार्य व सुरक्षा यांच्या नावाने नव्या तहावर सह्या झाल्या. सुबिक आणखी दहा वर्षे अमेरिकेकडे, आणि मोबदल्यात वर्षाला २० कोटी ३० लाख डॉलर. क्लार्क गेला म्हणून रक्कम निम्म्याहून खाली आली, हे हिशेबाने बरोबर असेल. पण राखेखाली गाडल्या गेलेल्या मित्राशी हा हिशेब करण्याची ती वेळ नव्हती, आणि तहाच्या समर्थकांनाही ते मनातून लागले असावे.

घटनेप्रमाणे सिनेटाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सोळा, मतांची गरज होती. चोवीस जागांपैकी एक रिकामी होती, आणि ती होती स्वतः मांगलापुस यांची. परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांनी सिनेट सोडले होते. ज्याने तह घडविला त्याचेच मत तहाला मिळावयाचे नव्हते. अध्यक्ष अकिनो यांनी आपले सारे वजन तहाच्या पारड्यात टाकले. १० सप्टेंबरला त्यांनी हजारोंचा मोर्चा घेऊन सिनेटावर कूच केले. लोकमताच्या बहुतेक चाचण्यांचा कलही तहाच्या बाजूने होता.

तहाचे समर्थक सिनेटर भाडोत्री नव्हते, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. त्यांच्या पक्षातील एक प्रमुख आवाज लेटिशिया रामोस शहानी यांचा. सासरचे आडनाव त्यांना भारतीय लेखक रणजी शहानी यांच्याशी झालेल्या विवाहाने मिळाले होते, आणि ज्या नार्सिसो रामोस यांनी १९६६ साली मुदत पंचवीस वर्षांवर आणली त्यांच्या त्या कन्या. समर्थकांचे म्हणणे असे, की देश आपत्तीत आहे, कर्जाखाली दबला आहे, सैन्य अंतर्गत बंडाळीत गुंतले असून सागरी सीमा राखण्यास असमर्थ आहे. दहा वर्षांचा अवधी मिळाला तर कामगारांना दुसरा उद्योग, सैन्याला बळ आणि गावाला नवे जीवन देता येईल. घर सोडावयाचे ठरले तरी भर पावसाळ्यात सोडू नये, इतका साधा तो व्यवहार होता. शिवाय सुबिक रिकामे झाले तर दक्षिण चिनी समुद्रात जी पोकळी होईल ती कोण भरून काढील, हाही प्रश्न त्यांनी विचारला. आणि पुढील काळाने तो प्रश्न पोकळ ठरविला नाही.

विरोधकांची बाजू तितकीच साधार होती. शीतयुद्ध सरले होते. तहावर सह्या होण्याच्या आठवडाभर आधी मॉस्कोतील कट फसून सोव्हिएत सत्तेचे दिवस भरले होते. ज्या शत्रूच्या नावाने तळ मागितले गेले तोच नाहीसा झाला असता तळ कोणासाठी? अण्वस्त्रांविषयी तहात मौन होते आणि घटनेत निषेध. पैशाचे वचन दुसऱ्याच्या काँग्रेसच्या मर्जीवर. दहा वर्षांनंतर खरोखरच शेवट होईल याची हमी नाही. आणि या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न : जे राष्ट्र सदैव सोयीच्या वेळेची वाट पाहत राहील त्याला ती कधी लाभेल काय?

मनिलातील जुन्या विधिमंडळ भवनातील सभागृह १६ तारखेला खचाखच भरले होते. ठीक पंचवीस वर्षांपूर्वी जी मुदत घातली गेली ती त्या दिवशी संपत होती. प्रेक्षकांत चाकांच्या खुर्चीवर एक वृद्ध बसलेले होते : लोरेन्झो तान्याडा, वय त्र्याण्णव. ड्यूईच्या तोफा मनिलाच्या उपसागरात धडधडल्या त्याच वर्षाच्या ऑगस्टात ते जन्मले; चोवीस वर्षे सिनेटर राहिले; तळांविरुद्ध आणि मार्कोसविरुद्ध रस्त्यावर चालले; म्हणजे त्यांच्या मायभूमीवर परकीय तळ नाही असा काळ त्यांनी आयुष्यात पाहिलाच नव्हता. खाली सभागृहात त्यांचा पुत्र विग्बर्टो तान्याडा तहाविरुद्ध मत देण्यास उभा होता.

एकेक सभासद उठला, आपले कारण सांगून मत देत गेला. विरोधकांची ती बारा माणसे पाहिली म्हणजे या सभेचे मोल कळते, कारण ती एका माळेचे मणी नव्हती. त्यांत मानवी हक्कांचे झुंजार वकील रेने सागिसाग होते, आणि मार्कोसच्या लष्करी राजवटीत संरक्षणमंत्री राहिलेले हुआन पॉन्से एन्रिले होते. त्यांत तळविरोधी चित्रपटात दोनच वर्षांपूर्वी नायकाचे काम केलेले लोकप्रिय नट जोसेफ एस्ट्राडा होते. त्यांत अध्यक्षांचे सख्खे दीर अगापितो अकिनो होते, ज्यांनी वहिनीच्या तहाविरुद्ध मत दिले. शेवटचे मत सिनेटाचे अध्यक्ष होविटो सालोंगा यांचे. जपान्यांच्या कैदेत तरुणपणी राहिलेला, अमेरिकेच्या विद्यापीठांत कायदा शिकलेला, १९७१ साली प्लाझा मिरांडा येथील सभेतील बाँबस्फोटात एक डोळा गमावलेला, मार्कोसनेही तुरुंगात डांबलेला हा मनुष्य अमेरिकाद्वेष्टा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या नकाराला वजन आले. त्यांचे मत पडले आणि हिशेब झाला : तहाच्या विरुद्ध बारा, बाजूने अकरा. तह पाडण्यास आठ मतेही पुरली असती; सभागृहाने बहुमतानेच नकार दिला. हातोडा आपटून सालोंगा यांनी तह नामंजूर झाल्याचे जाहीर केले, आणि सभागृह उभे राहून वृद्ध तान्याडांकडे पाहू लागले.

यानंतर जे घडले तेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे. अकिनो यांनी लोकमत घेण्याचा मनसुबा बोलून दाखविला, पण तो घटनेत बसत नसल्याने सोडून दिला. तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने माघार घ्यावी अशी बोलणी झाली, ती फिसकटली; आणि डिसेंबरात सरकारने एका वर्षाची रीतसर सूचना दिली. जगातील सर्वांत सामर्थ्यवान आरमाराने तिचा मान ठेवला. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी सुबिकवरील अमेरिकन ध्वज उतरला, आणि ‘बेलो वूड’ हे जहाज उपसागराबाहेर पडले. जाताना अमेरिकनांनी तरंगत्या गोद्या सोबत नेल्या, ज्यांवर गावाच्या उद्योगाची भिस्त होती. जमिनीत आणि पाण्यात मुरलेले तेल व रसायने मात्र मागे राहिली, आणि ती साफ करण्याचे बंधन कोणत्याही करारात नव्हते. ओलोंगापोत नगराध्यक्ष रिचर्ड गॉर्डन यांनी हजारो बेकार कामगारांना स्वयंसेवक म्हणून उभे केले. त्यांनी विनावेतन इमारतींवर पहारा दिला, गवत कापले, एक खिडकीही चोरीस जाऊ दिली नाही, आणि काही वर्षांत तेथे मुक्त व्यापारक्षेत्र उभे राहिले. १९९६ साली आशिया-प्रशांत राष्ट्रप्रमुखांची परिषद त्याच सुबिकमध्ये भरली. ज्यांचा रोजगार गेला त्या सर्वांना तो परत मिळाला असे मात्र कोणी म्हणू नये, आणि नाविकांची जी मुले वडिलांच्या नावावाचून मागे राहिली त्यांचा हिशेब अद्याप कोणी चुकता केलेला नाही.

नकार देणाऱ्यांना जनतेने मखरात बसविले नाही. सालोंगा यांचे सिनेटाध्यक्षपद काही महिन्यांतच गेले. १९९२च्या निवडणुकीत ते राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि त्या बारांपैकीच अकिलिनो पिमेंटेल उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले, दोघेही हरले. आणि समर्थकांनी विचारलेला प्रश्नही परत आला : १९९५ साली चीनने मिसचीफ खडकावर आपले बांधकाम उभारले. १९९९ साली अमेरिकन सैनिकांच्या येण्याजाण्यासंबंधीच्या कराराला सिनेटाने अठरा विरुद्ध पाच मतांनी संमती दिली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते तेच एस्ट्राडा. यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. परिस्थिती पालटली, प्रश्न पुन्हा सभागृहापुढे आला, सभागृहाने पुन्हा विचार करून होकार दिला. लोकशाहीचा मार्ग हाच.

खरे दुःख आहे ते त्यानंतरच्या पायरीचे. २८ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकन फौजांना फिलिपिनो तळांवर सोयी उभारू देणारा जो नवा करार झाला तो सरकारने सिनेटापुढे आणलाच नाही. तो कार्यकारी करार आहे असे सांगितले, म्हणजे १९४७ साली वॉशिंग्टनने वापरलेलीच पळवाट या वेळी मनिलाने वापरली. सागिसाग आणि विग्बर्टो तान्याडा हे दोन वयोवृद्ध माजी सिनेटर न्यायालयात गेले. सिनेटाने स्वतः ठराव करून आपली संमती आवश्यक आहे असे बजावले. १२ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध चार मतांनी करार वैध ठरविला. पाच ठिकाणे निश्चित झाली. २०२३ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. ही ठिकाणे सुरक्षेसाठी आवश्यक असतील. समुद्रातील दांडगाई पाहता ती आवश्यक आहेत असे मानणारा विवेकी मनुष्य मला समजू शकतो. परंतु आवश्यक गोष्टसुद्धा लोकप्रतिनिधींना टाळून केली म्हणजे तिचा पाया ढासळतो, आणि उद्या ज्यांना ती नको असेल त्यांच्या हाती आपण आपणहून शस्त्र देतो.

१९९१च्या नकाराने मैत्री मोडली नाही, ही या सर्व कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. १९५१ साली उभय राष्ट्रांत परस्परसंरक्षणाचा जो तह झाला तो त्या मतदानानंतरही कायम राहिला, आजही कायम आहे. ज्या सख्याला नाही ऐकून घेता येते त्याचेच सख्य टिकाऊ असते. आणि ज्या राष्ट्राने आपल्या सभागृहात एकदा मोकळेपणाने नाही म्हटले आहे त्याच्या पुढच्या होकाराला बाजारभावापलीकडची किंमत येते. तहाच्या बाजूने मत देणारे अकरा आणि विरुद्ध मत देणारे बारा, या तेवीसही जणांनी आपले नाव, आपले कारण आणि आपले राजकीय भवितव्य पणास लावून उघड कौल दिला. परकीय फौजेला आपल्या भूमीवर थारा देण्याचा प्रश्न ज्या कोणत्या लोकशाही राष्ट्रापुढे उद्या येईल, त्याने हो म्हणावे की नाही म्हणावे हे त्याच्या परिस्थितीवर सोपवू. परंतु तो निकाल मंत्रालयाच्या दप्तरात लागू देऊ नये. निर्वाचित सभागृहात, कराराचा संपूर्ण मसुदा जनतेपुढे ठेवून, प्रत्येक सभासदाचे मत त्याच्या नावानिशी नोंदवून तो लागला पाहिजे, आणि तसा लागावा असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.